अर्धा इंच असतो कुठे? टेपर आटे, सरळ आटे आणि हेमलकशाचं पाणी

कानात इयरफोन आहे ना? मग ऐकता ऐकता एक काम करा. मोरीत, अंगणात, जिथं लोखंडी पाइपाचा नळ असेल तिथं जा आणि त्या पाइपाला मोजपट्टी लावा. दुकानदार त्याला ‘अर्धा इंची’ म्हणतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. आता मोजा. बाहेरून भरेल २१ मिलिमीटरच्या थोडं वर. कापलेला तुकडा हाताशी असेल तर आतूनही मोजा, सोळाच्या आसपास येईल. म्हणजे अर्धा इंची पाइपात अर्धा इंच कुठेच नाही!

ही दुकानदाराची फसवणूक नाही बरं का. जुन्या काळी पाइपाची भिंत जाड असायची आणि आतलं भोक नावाच्या जवळपास असायचं. पुढे पोलाद सुधारलं, भिंत पातळ झाली, आतलं भोक मोठं झालं. पण बाहेरचा व्यास बदलता येईना. कारण आटे बाहेरच्या अंगावर पाडतात. बाहेरचं माप बदललं असतं तर आधी बसवलेला एकही सॉकेट, एकही नळ नव्या पाइपाला लागला नसता. म्हणून नाव जुनं राहिलं, बाहेरचं माप तेच राहिलं, फक्त आतलं बदललं. आजचा विषय हाच आहे: पाइपाचे आटे. टेपर आटे आणि सरळ आटे.

मी बोलतोय हेमलकशाहून. गडचिरोली जिल्हा, भामरागड तालुका. पाइपांची, टाक्यांची, हापशांची कामं करतो. आमच्याकडे हापशाला लोक बोरिंगही म्हणतात. साधा सॉकेट, साधा नळ भामरागडला मिळतो. जरा वेगळं काही लागलं तर आलापल्ली, म्हणजे इथून साठ-पासष्ट किलोमीटर जंगलाचा रस्ता. तिथंही नाही मिळालं तर चंद्रपूर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, या बातम्या तुम्ही दरवर्षी वाचता. आलापल्लीच्या वाटेवरचे नालेही भरतात. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, प्रकाशभाऊ आणि मंदाताई इथं राहायला आले, तेव्हा तर रस्ता आणि वीज दोन्ही नव्हतं. आता रस्ता आहे, फोन आहे. तरीसुद्धा चुकीचा फिटिंग आणला तर त्याची किंमत पैशात मोजत नाहीत. आज पाणी येणार की चार दिवसांनी, अशी मोजतात.

म्हणून दुकानात जायच्या आधीच आटे ओळखता यायला हवेत. आपल्या मराठीत एखाद्याच्या ‘डोक्याचे आटे ढिले आहेत’ म्हणतात ना? पाइपाच्या बाबतीत मात्र नुसते घट्ट आटे असून भागत नाही. कितीतरी जण मला विचारतात, “भाऊ, आटे तर टाइट बसले, मग गळतं कसं?”

यावर मी एक उलटा प्रश्न विचारतो. या जोडात पाणी अडतं कुठे?

एवढा एकच प्रश्न लक्षात ठेवा. उत्तरं दोनच आहेत. एक तर पाणी आट्यांमध्येच अडतं. नाहीतर आटे फक्त दाबून धरतात आणि पाणी अडवायला दुसरं कोणी असतं, म्हणजे रबरी वायसर, ओ रिंग किंवा घासून गुळगुळीत केलेली बैठक. पहिल्या कामाला टेपर आटे, दुसऱ्या कामाला सरळ आटे.

टेपर म्हणजे निमुळता. पाइपाच्या टोकाला व्यास कमी, मागे जाल तसा जास्त. किती? सोळाला एक. म्हणजे १६ मिलिमीटर लांबी सरकलं की व्यास १ मिलिमीटरनं वाढतो. अर्धा इंची पाइपाला एका इंचात १४ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर सुमारे १.८ मिलिमीटर. गणित करा: एक पूर्ण फेरा फिरवला की व्यास जेमतेम एक दशांश मिलिमीटरनं वाढतो. डोळ्याला दिसतही नाही. पण दर फेऱ्याला तेवढा पाइप सॉकेटमध्ये अडकत जातो. कुऱ्हाडीच्या दांड्यात आपण पाचर ठोकतो ना, तसंच. पाचर जितकी आत, पकड तितकी घट्ट. इथे फक्त ठोकायच्या ऐवजी फिरवायचं.

तरीही आटा आणि आटा यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते, आणि ती गोल गोल फिरत बाहेरपर्यंत जाते. पाणी त्या गोल जिन्यानं बाहेर येतं. ती फट बुजवायला टेफ्लॉन टेप, नाहीतर सूत आणि सफेदा. म्हणजे टेप पाणी अडवते असं म्हणणं अर्धंच खरं. पाचर दाबते, आणि टेप उरलेली फट भरते.

आता सरळ आटे. पाण्याच्या बाटलीचं झाकण बघा. त्याचे आटे सगळे सारख्याच व्यासाचे. झाकण काढून बाटलीवरचे आटे बघा, तिथं पाणी अडवायला काहीच नाही. अडतं कुठे? झाकणाच्या आतली कड बाटलीच्या तोंडावर दाबली जाते तिथं. आटे फक्त ओढून धरतात. गिझरला, बेसिनला जो लवचीक कनेक्शन पाइप लावतात, त्याच्या नटाचं असंच असतं. आत रबरी वायसर असतो. शॉवरची नळी, पाण्याच्या मीटरचे नट, प्लास्टिकच्या टाकीला लावायचं टँक निपल, सगळीकडे तेच. युनियनचा मोठा नटसुद्धा सरळ आट्यांचा असतो आणि पाणी आतल्या बैठकीवर अडतं.

आता कळलं का, त्या नटाच्या आट्यांवर टेप गुंडाळून काही उपयोग का होत नाही? पाणी तिथं अडायचंच नसतं. उलट टेपमुळे नट आधीच जड फिरतो, आपल्याला वाटतं बसला, आणि वायसर मात्र पुरता दाबलेलाच नसतो. तिथं गळत असेल तर टेप विसरा, वायसर बघा. फाटलाय का, तिरका बसलाय का, आत खडा अडकलाय का.

याचे नियम कागदावरही आहेत. आपल्या देशात भारतीय मानक ब्युरोचे दोन मानक लक्षात ठेवा. आयएस ५५४ म्हणजे जिथं पाणी आट्यांवरच अडवायचं ते आटे. आयएस २६४३ म्हणजे जिथं आट्यांवर अडवायचं नाही ते. जगभरात याच जोडीला आयएसओ ७ आणि आयएसओ २२८ म्हणतात. फिटिंगवर किंवा ऑनलाइन वर्णनात इंग्रजी ‘आर’ अक्षर दिसलं तर बाहेरचे टेपर आटे. ‘आर सी’ म्हणजे आतले टेपर. ‘आर पी’ म्हणजे आतले सरळ, पण टेपर पाइप घेण्यासाठी बनवलेले. आणि ‘जी’ म्हणजे सरळ आटे, वायसरवाले.

यात एक गंमत आहे. टेपर पाइप सरळ आट्यांच्या सॉकेटमध्ये चालतो. आपले जीआय पाइपाचे सॉकेट बहुतेक वेळा आतून सरळच असतात आणि पाइपाचं टोक टेपर असतं. पाचर सॉकेटच्या तोंडाशी दाबली जाते आणि जोड धरतो. पण याच्या उलट, सरळ आट्यांचा तुकडा टेपर भोकात घातला, तर तो एक-दोन आट्यांवरच टेकतो, बाकी सगळा हलका. त्याच्यावर कितीही टेप गुंडाळा, भरवसा नाही. म्हणून दुकानात ‘दोन्ही अर्धा इंचीच आहेत’ एवढं ऐकून समाधान मानू नका.

आता थोडा इतिहास, कारण पुढचा घोटाळा तिथूनच आलाय.

इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाचा यंत्रकार होता. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटाला लागायचा नाही. व्हिटवर्थनं वेगवेगळ्या कारखान्यांचे स्क्रू गोळा केले, त्यांची मापं घेतली आणि १८४१ मध्ये सगळ्यांसाठी एकच पद्धत सुचवली. आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर. ब्रिटिश पाइपांचे आटे यातूनच आले. इंग्रजांबरोबर ते भारतात आले आणि आपण आजही तेच वापरतो. दुकानात ज्याला ‘बीएसपी’ म्हणतात ते हेच.

अमेरिकेनं वेगळी वाट धरली. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सनं ६० अंशांचा आटा मांडला, माथा चपटा, कारखान्यात पाडायला सोपा. पाइपांसाठी रॉबर्ट ब्रिग्जनं मापं ठरवली आणि १८८६ मध्ये तिथल्या उत्पादकांनी ती मान्य केली. त्यालाच आज ‘एनपीटी’ म्हणतात. त्याचाही टेपर सोळाला एकच! पण कोन वेगळा, आणि बऱ्याच मापांत एका इंचातले आटेही वेगळे.

आकडे ऐका, फोनवर लिहून ठेवा. पाव इंचीला ब्रिटिश १९, अमेरिकन १८. अर्ध्या इंचीला दोन्ही १४. पाऊण इंचीला दोन्ही १४. एक इंचीला ब्रिटिश ११, अमेरिकन साडेअकरा.

खरा सापळा कुठे आहे सांगा बघू? एक इंचीत नाही. तिथं दोन-तीन फेऱ्यांतच आटे अडतात आणि आपल्याला कळतं की काहीतरी चुकतंय. सापळा अर्ध्या आणि पाऊण इंचीत आहे. आट्यांची संख्या सारखी, व्यास जवळजवळ सारखा. तुकडा छान आत जातो, घट्ट होतो, हाताला वाटतं बसला. पण ५५ अंशांचा आटा ६० अंशांच्या खाचेत अंगाला अंग लावून बसत नाही. कड टेकते, पोट मोकळं राहतं.

आमच्या भागात एका ठिकाणी, नाव नको, परदेशातून भेट म्हणून आलेला पाण्याचा मोठा फिल्टर होता. चांगला होता, नवा होता. तोंड पाऊण इंची. आपला जीआय निपल आत गेला, घट्ट झाला आणि थेंब थेंब गळायला लागला. तिथल्या मुलांनी टेप वाढवली. अजून गळलं. अजून टेप, अजून पाना. तिसऱ्या वेळी फिल्टरचं प्लास्टिकचं तोंड उभं चिरलं. मला बोलावलं तेव्हा मी आधी दुसरं, न वापरलेलं तोंड बघितलं. आट्यांचे माथे चपटे. फिल्टरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर एनपीटी ही अक्षरं छापलेली होती, कुणी वाचलीच नव्हती. एका बाजूनं अमेरिकन, दुसऱ्या बाजूनं ब्रिटिश आटे असलेला जोडतुकडा मागवला, तो यायला आठवड्याच्या वर गेला, आणि चिरलेलं तोंड बदलावं लागलं ते वेगळंच. तो तुकडा आधी मागवला असता तर एका संध्याकाळचं काम होतं. मुलांचा दोष नाही म्हणत मी. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की जगात दोन प्रकारचे पाऊण इंच आहेत.

आता आपल्या हापशाकडे येऊ. याची गोष्ट महाराष्ट्राची आहे, आणि ती आट्यांचीही आहे.

१९७० च्या आसपास सरकार आणि संस्था गावोगावी बोअर मारत होत्या. त्यावर ओतीव लोखंडाचे पंप बसवले जायचे. ते मुळात एका कुटुंबासाठी, एका शेतघरासाठी बनवलेले. इथं मात्र अख्खं गाव दिवसभर हापसणार. पंप मोडायचे आणि मोडलेलेच राहायचे. १९७२ च्या दुष्काळाच्या आसपासची ही परिस्थिती. तेव्हा जालना आणि सोलापूर इथं मिशनच्या कामातल्या लोकांनी जास्त दणकट पंप घडवले. सोलापूरच्या पंपाचा मूळ विचार घेऊन युनिसेफनं, मद्रासच्या अभियंत्यांनी आणि रिचर्डसन अँड क्रूडास या कंपनीनं १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक पंप तयार केला. त्याचं नाव इंडिया मार्क टू. १९७९ मध्ये त्याचं भारतीय मानक आलं, आयएस ९३०१. तुमच्या गावातला, शाळेतला हापसा बहुतेक यातलाच. हाच पंप पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला.

तो टिकला त्याचं एक कारण म्हणजे त्याचे सुटे भाग कुठल्याही कारखान्यातले असले तरी एकमेकांना लागतात. पन्नास ठिकाणी बनतात, पण माप एकच. मानक म्हणजे नुसता कंटाळवाणा कागद वाटतो ना? त्या कागदामुळेच कुठल्या तरी लांबच्या शहरात आटे पाडलेला पाइप भामरागडच्या जंगलात मुकाट्यानं बसतो.

आता या हापशात टेपर आणि सरळ दोन्ही आटे कसे कामाला लावलेत ते बघा. बोअरमध्ये खाली सोडलेला पाइप सव्वा इंची, म्हणजे ३२ मिलिमीटरचा. तीन-तीन मीटरचे तुकडे, सॉकेटनं जोडलेले, टोकाला टेपर आटे. इथं पाणी आट्यांवर अडायला हवं, कारण पाणी याच पाइपातून वर चढतं. त्याच पाइपाच्या पोटात १२ मिलिमीटरच्या सळया असतात, दांडा हापसला की त्या खाली-वर होतात. त्या सळयांचे आटे सरळ. कारण सळईला पाणी अडवायचं नसतं, तिला फक्त ओढायचं असतं. एकाच बोअरमध्ये दोन काम, दोन आटे.

वजनाचा हिशोबही करा. असा एक पाइप नऊ-साडेनऊ किलोचा. तीस मीटर खोल सोडला तर दहा पाइप, म्हणजे नव्वदच्या वर किलो. आत पाणी भरलं की आणखी सुमारे तीस किलो. हा सगळा भार सगळ्यात वरच्या जोडाच्या आट्यांवर लटकलेला असतो. आणि पाइपाची भिंत असते ३.२ मिलिमीटर. आटा पाडताना त्यातली जवळपास दीड मिलिमीटर कापली जाते. म्हणजे आट्याच्या तळाशी भिंत निम्म्यावर येते. वर गंज नको म्हणून जो जस्ताचा थर असतो, तोही तिथंच खरवडला जातो. म्हणून पाइप तुटतो तेव्हा बहुतेक वेळा आट्यापाशीच तुटतो. गंजही तिथूनच सुरू होतो.

म्हणून डायनं आटे पाडताना खूप लांबवर पाडू नका. सॉकेटमध्ये जाईल तेवढेच. बाहेर उघडे राहिलेले आटे म्हणजे गंजाला आमंत्रण. आटे पाडताना तेल घाला, चुरा झटकून घ्या. पाइप उतरवताना आटे जमिनीवर आपटू देऊ नका, टोकाला जुना सॉकेट हातानं फिरवून ठेवा. एवढी काळजी घेतली तर पाइपाचं आयुष्य नक्की वाढतं.

आणि एक खूण. सकाळी पहिल्यांदा हापसताना खूप वेळ कोरडं हापसावं लागतं, मग पाणी येतं, आणि एकदा आलं की नीट येतं. असं होत असेल तर रात्रभरात पाइपातलं पाणी खाली उतरलेलं असतं. कारणं साधारण दोन: खालचा व्हॉल्व्ह धरत नाही, नाहीतर पाइपाचा एखादा जोड गळतोय. तीस मीटर पाण्याचा दाब तळाशी चौरस सेंटिमीटरला तीन किलोच्या आसपास असतो, त्यामुळे खालचा ढिला जोड वरच्यापेक्षा जास्त गळतो. तक्रार करताना ‘हापसा बंद आहे’ एवढंच सांगू नका. हे लक्षण सांगा. दुरुस्तीवाला योग्य सामान घेऊन येईल, दुसरी फेरी वाचेल.

आता ओळखायचं कसं? हातात फोन आहेच. पहिली गोष्ट, आटे स्वच्छ पुसा. त्याच्या शेजारी स्टीलची मोजपट्टी आट्यांना चिकटवून धरा आणि अगदी बाजूनं, काटकोनात फोटो काढा. तिरका नको. मग फोटो मोठा करा आणि एका इंचात, म्हणजे २५.४ मिलिमीटरमध्ये, किती माथे येतात ते मोजा. तुकडा लहान असेल तर अर्ध्या इंचातले मोजून दुप्पट करा. दुसरी गोष्ट, मोजपट्टीची कड आट्यांच्या माथ्यावर उभी टेकवा. सगळे माथे टेकले आणि पट्टी पाइपाला समांतर राहिली तर सरळ. पट्टी तिरकी झाली तर टेपर. व्हर्नियर कॅलिपर असेल तर पहिल्या आट्याशी आणि एक सेंटिमीटर मागे मोजा. सहा दशांश मिलिमीटरच्या आसपास फरक आला तर टेपर. तिसरी गोष्ट, माथा बघा. गोलसर असेल तर ब्रिटिश, चपटा असेल तर अमेरिकन असण्याची शक्यता. झिजलेल्या आट्यांवर मात्र ही तिसरी खूण फसवते, तेव्हा एकट्या तिच्यावर जाऊ नका. आणि चौथी, सगळ्यात सोपी गोष्ट: तोंडाशी रबरी वायसरची जागा आहे का ते बघा. असेल तर बहुधा सरळ आटेच.

तो फोटो दुकानदाराला आधी पाठवा. जुना तुकडा शक्य असेल तर सोबत न्या. आलापल्लीची एक फेरी वाचली तरी आजचा भाग ऐकल्याचं सार्थक.

जोडताना काय करायचं तेही थोडक्यात सांगतो. टेप पाइपाच्या तोंडाकडे बघत घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायची, म्हणजे फिरवताना ती सुटत नाही. बाजारातली पातळ टेप असेल तर आठ-दहा वेढे, ताणून. पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचे तुकडे पाण्यात जाऊन नळाच्या जाळीत अडकतात. हातानं जाईल तितकं फिरवा, साधारण चार फेरे. मग पाइप पान्यानं दीड-दोन फेरे. बस्स. नळाचं तोंड तिरकं राहिलं तर पुढेच फिरवून सरळ करा. मागे फिरवलंत की पाचर सैल झाली, मग टेप काढून पुन्हा पहिल्यापासून. जुने लोक शेंदूर तेलात कालवून लावायचे. शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. पिण्याच्या पाण्याच्या पाइपाला तो अजिबात नको.

प्लास्टिकच्या बाबतीत एक पक्का नियम. लोखंडी टेपर पाइप प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये घुसवू नका. पाचर लाकूड फाडते तसं ते सॉकेट फाडतं, आज नाहीतर महिन्याभरानं. आतून पितळी आटे असलेलं फिटिंग घ्या, किंवा प्लास्टिकचे बाहेरचे आटे लोखंडी सॉकेटमध्ये घाला.

आणि पाण्याचा प्रश्न थेंबांचा असतो, हवेचा आणि तेलाचा नसतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला पाव इंचीचे फिटिंग असतात. तिथं १८ आणि १९ ची गल्लत झाली, दोन-तीन आट्यांवर अडकलेला गेज दाबाखाली सुटला, तर तो गोळीसारखा उडतो. ट्रॅक्टरच्या, जेसीबीच्या हायड्रॉलिकमध्ये दाब त्याहून कितीतरी जास्त, आणि तिथं बहुतेक जोड सरळ आट्यांचे, सीलवाले. तिथं जबरदस्तीनं फिरवायचं नाही, टेपची जुगाड करायची नाही. आणि घरगुती गॅसच्या जोडाला आपण हात लावायचाच नाही, एजन्सीचा माणूस बोलवायचा.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं, घरोघरी नळ. गडचिरोलीच्या गावांतही पाइप आले, टाक्या आल्या. नळ बसवणारे ठेकेदार येतात आणि जातात. वर्षभरानं वायसर झिजतो, जोड गळतो, तेव्हा गावात कोण असतं? तुम्ही. आयटीआय केलेलं असो वा नसो, एक पाइप पाना, एक मोजपट्टी, टेपचं रीळ आणि ‘पाणी कुठे अडतं?’ हा प्रश्न एवढ्यावर गावातली निम्मी गळती थांबवता येते. पोरींनो, हे तुम्हालाही सांगतोय. हापशावर सगळ्यात जास्त वेळ तुमचा आणि तुमच्या आयांचा जातो. पाना धरायला ताकदीपेक्षा लांब दांड्याची गरज असते.

या आठवड्याचं काम: आपल्या घरातले, शाळेतले पाच जोड शोधा. प्रत्येकाचा फोटो काढा आणि खाली एवढंच लिहा, पाणी आट्यात अडतं की वायसरवर. अडलात तर फोटो मला पाठवा, सोबत मोजपट्टी दिसली पाहिजे. पुढच्या भागात आपण हापशाचं डोकं उघडणार आहोत, साखळी, बेअरिंग आणि ग्रीस. तोपर्यंत नळ नीट बंद करा. भेटू.